मराठीतले अलंकार येतात, पण इंग्रजीतल्या फिगर्स ऑफ स्पीच ओळखताना नेहमी चुकते. काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी. उपमा, रूपक, अनुप्रास बघताक्षणी ओळखता येतात. इंग्रजी कवितेची ओळ समोर आली की मात्र सगळंच सिमिली (उपमा) नाहीतर मेटाफर (रूपक) वाटतं, आणि मेटॉनिमी, सिनेक्डकी, ट्रान्सफर्ड एपिथेट यांच्या व्याख्या पाठ करूनही पेपरात आठवत नाहीत.

मी नाशिकला, पंचवटीत, बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. वर्गातल्या मुलींशी बोलते तसंच लिहिते, म्हणून ‘तू’ म्हणतेय.

आधी हे लक्षात घे की तुझा गोंधळ इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाहीये. मेटॉनिमी आणि सिनेक्डकी तुला मराठीत भेटल्या आहेत, पण दुसऱ्या धड्यात. तू त्यांना अलंकारांच्या यादीत शोधतेस आणि त्या तिथे सापडत नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात ‘शब्दशक्ती’ हा धडा असतो बघ, अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्यातल्या लक्षणेत, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेतो तिथे, त्या आहेत.

हे मला नीट उलगडलं ते एका बुधवारी. आमच्याकडे बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. वर्गात एक मुलगी उशिरा आली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, आई सकाळपासून गंगेवर आहे, तिला मेथीच्या जुड्या पोचवून आले.’ (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मी तेव्हा फळ्यावर मेटॉनिमीची व्याख्या लिहीत होते. ती पुसली आणि तिचंच वाक्य लिहिलं: ‘आई गंगेवर आहे.’ वर्गाला विचारलं, आई पाण्यावर बसली आहे का? नाही. मग ‘गंगा’ या शब्दाचा इथे अर्थ काय? घाट, काठ. नदी का म्हटलं? कारण काठ नदीला लागून आहे.

गंमत अशी की आपल्या काव्यशास्त्रात लक्षणेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेमकं हेच आहे: ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं लक्षणा ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे. जो अर्थ घ्यायचा त्याचं सरळ अर्थाशी काहीतरी नातं पाहिजे. आणि तसं बोलायची रूढी तरी पाहिजे, नाहीतर काही हेतू तरी. त्यानं नात्यांचीही विभागणी केली आहे. नातं साम्याचं असेल तर ती गौणी लक्षणा, दुसरं कुठलंही असेल तर शुद्धा. मेटाफर आणि मेटॉनिमी यांच्यातला फरक हाच. मेटाफरमध्ये एक वस्तू दुसरीसारखी असते, मेटॉनिमीत ती दुसरीच्या शेजारची, तिच्यातली किंवा तिच्याशी जोडलेली असते.

म्हणून ओळ वाचलीस की लगेच नाव आठवायला जाऊ नकोस. अर्थ कोणत्या शब्दापाशी अडला ते बघ आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मार. मग विचार, हा अडलेला अर्थ सुटतो कोणत्या नात्यानं?

एकच क्रियापद घेऊन हे करून दाखवते.

‘द रिव्हर वेप्ट.’ नदी रडली. नदीला डोळे नाहीत, तिच्या जागी रडणारं दुसरं कुणी वाक्यात नाही. खुद्द नदीलाच माणूस केलं आहे. हे पर्सॉनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती.

‘द व्हिलेज वेप्ट.’ गाव रडलं. इथेही अर्थ अडतो, आणि दरवर्षी निम्मा वर्ग इथे पर्सॉनिफिकेशन लिहितो. पण थांब. गावात माणसं आहेत आणि ती खरोखरच रडली आहेत. गावाला माणूस केलेलं नाही, गावाचं नाव घेऊन त्यातल्या माणसांबद्दल बोललं आहे. ही मेटॉनिमी. कांदा उत्पादक ‘लासलगाव आज दोनशेनं उतरलं’ म्हणतात तेव्हा गाव जागेवरच असतं, उतरलेला असतो तिथल्या बाजार समितीतला भाव. तेच नातं.

‘शी वेप्ट अ रिव्हर.’ ती नदीभर रडली. इथे अर्थ अडतो तो मापापाशी. हायपरबोल, अतिशयोक्ती.

तिन्ही वाक्यांत रडणं आहे, पण पेन्सिलीची रेघ दर वेळी वेगळ्या कारणानं पडली. ही तीन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

सिनेक्डकी ही मेटॉनिमीची सख्खी बहीण. तिच्यात नातं अंश आणि पूर्ण यांचं असतं. ‘फिफ्टी हँड्स वेअर ॲट वर्क इन द व्हाइनयार्ड.’ द्राक्षबागेत छाटणीला हात आले नाहीत, माणसं आली. ‘घरात खाणारी तोंडं सहा’ म्हणतो तेव्हा आपण तेच करतो. फरक असा लक्षात ठेव: हात माणसाच्या अंगाचाच भाग आहे, म्हणून सिनेक्डकी. गाव माणसाच्या अंगाचा भाग नाही, माणूस गावात राहतो, म्हणून मेटॉनिमी.

आणि अर्थ अडतच नसेल तर जबरदस्तीनं अलंकार काढू नकोस. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? ‘द वॉटर रीच्ड मारुतीज चेस्ट.’ यात एकही फिगर नाही. मूर्तीला छाती आहे आणि पाणी खरंच तिथवर आलं आहे. ‘द रिव्हर एम्ब्रेस्ड मारुती’ म्हटलं, की लगेच पर्सॉनिफिकेशन.

असाच फसवा शब्द म्हणजे ‘लाइक’. तो दिसला की मुली सिमिली लिहून मोकळ्या होतात. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ ही सिमिली नाही. मुलगी आणि आई, दोघी माणसंच. एकाच जातीच्या दोन गोष्टींची ही साधी तुलना झाली. सिमिलीला उपमेय आणि उपमान वेगळ्या जातींचं लागतं: ‘हर लाफ्टर केम लाइक द फर्स्ट रेन.’ हसणं आणि पाऊस. इंग्रजी समीक्षेत उपमेय-उपमानाला टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 मध्ये दिली. तुझ्याकडे ते शब्द शाळेपासून आहेत, ते वापर.

एक गोष्ट मात्र मराठीतून जशीच्या तशी नेऊ नकोस. आपण ‘जणू’ आलं की उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत त्याला शाळेच्या यादीत वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ घेऊन आलेली कल्पना तिथे सिमिलीतच धरतात. आणि मेटाफरला ‘इज’ लागतंच असं नाही. ‘हर व्हॉइस कट थ्रू द नॉइज’ यात आवाजाला सुरी म्हटलेलं कुठेच नाही, तरी ‘कट’ या क्रियापदात सुरी लपलेली आहे. असे मेटाफर परीक्षेत जास्त निसटतात, म्हणून क्रियापदं सावकाश वाच.

ट्रान्सफर्ड एपिथेटला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: विशेषण कुणाचं? ‘ही स्पेंट अ स्लीपलेस नाइट.’ स्लीपलेस कोण? रात्र नव्हे, तो. त्याचं विशेषण उचलून शेजारच्या नामाला चिकटवलं आहे. आपण ‘उपाशी दिवस काढले’ म्हणतो, तसंच. पर्सॉनिफिकेशनपासून ते वेगळं कसं करायचं? विशेषणाचा खरा मालक जवळपास सापडतो का ते बघून.

विरोधाच्या तीन फिगर्समध्येही घोळ होतो. दोन विरोधी शब्द एकमेकांना खेटून आले, ‘डेफनिंग सायलेन्स’, तर ऑक्सिमोरॉन. हा शब्दच ग्रीकमधल्या ‘तीक्ष्ण’ आणि ‘बोथट’ या दोन शब्दांचा जोड आहे. विधान उलटं वाटून विचार केल्यावर पटलं, ‘द मोअर शी गेव्ह, द रिचर शी ग्र्यू’, तर पॅराडॉक्स. आणि ‘द फादर सोल्ड चीप, द सन बॉट डिअर’ यात सोल्ड-बॉट, चीप-डिअर समोरासमोर ठेवले आहेत, पण न पटण्यासारखं काहीच नाही. ती अँटिथिसिस.

नादाच्या फिगर्सचं वेगळं आहे. तिथे अर्थ अडत नाही, कान जागा ठेवावा लागतो. अलिटरेशन, म्हणजे आपला अनुप्रास, अक्षराचं नसतं, उच्चाराचं असतं, आणि इथे मराठी मुलीला मोठा फायदा आहे: ओळ देवनागरीत लिहून बघ. ‘नाइफ, नी, नेट’ या तिन्हींची इंग्रजी आद्याक्षरं सारखी नाहीत, पण देवनागरीत तिन्ही ‘न’नंच सुरू होतात. म्हणजे अलिटरेशन आहे. उलट ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही इंग्रजीत ‘सी’नं सुरू होतात, देवनागरीत ‘स’ आणि ‘क’. म्हणजे नाही. माझ्या वर्गात मुली पेपराच्या मार्जिनमध्ये असं बारीक लिहून बघतात. ऑनोमॅटोपियाही कानाचंच काम. नारोशंकर मंदिराच्या घंटेबद्दल लिहिताना ‘बेल’ हा शब्द ऑनोमॅटोपिया नाही, ‘क्लँग’ आहे, कारण नाद त्या शब्दातच आहे.

रिपिटिशन (तोच शब्द पुन्हा) आणि इन्व्हर्जन (शब्दांचा उलटा क्रम) डोळ्यांनाच दिसतात, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस.

आता उत्तर लिहिण्याबद्दल. ‘नाव सांगा आणि स्पष्ट करा’ असं विचारलं असताना मुली नाव लिहितात आणि खाली पाठ केलेली व्याख्या उतरवतात. स्पष्टीकरण त्या ओळीचं हवं. ओळीतला कोणता शब्द, त्याचा इथला अर्थ, आणि नातं. ‘द व्हिलेज वेप्ट’साठी एवढंच पुरतं: ‘द फिगर ऑफ स्पीच इज मेटॉनिमी. द वर्ड व्हिलेज स्टँड्स फॉर द पीपल हू लिव्ह इन इट.’ एका ओळीत दोन फिगर्स दिसल्या आणि एकच मागितली असेल, तर जिचं नातं तुला नेमकं सांगता येतं ती लिही.

आता तू करून बघ. ‘ऑल पंचवटी रॅन टु द घाट, अँड द अँग्री ब्राउन वॉटर रोअर्ड बिलो द ब्रिज.’ यात तीन जागी रेघ मारता येते. रेघ कुठे मारलीस आणि का, ते खाली लिही, मी वाचून सांगेन.