आपली ती युती, दुसऱ्याची ती सेटिंग: नेते सरळ 'तडजोड केली' असं का म्हणत नाहीत?

कारण आपल्याकडे तडजोड म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी विकला गेला. म्हणून स्वतः केली की ती 'राज्याच्या हितासाठी', समोरच्याने केली की 'अभद्र युती'.

२०१९ आठवा ना. फेब्रुवारीत भाजप-शिवसेनेने प्रेस घेऊन पदं आणि जबाबदाऱ्या समसमान वाटणार असं सांगितलं, तेव्हा सगळे खुश, कारण तो शब्दच इतका गुळगुळीत होता की ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकलं. ऑक्टोबरात विधानसभेचे निकाल लागले, भाजपच्या १०५ जागा आणि सेनेच्या ५६, आणि मग सेना म्हणे समसमान म्हणजे मुख्यमंत्रीपद पण अडीच-अडीच वर्षं, भाजप म्हणे असं ठरलंच नव्हतं. झालं, फाटलं.

मग सेना काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत गेली आणि नवीन शब्द आला, किमान समान कार्यक्रम, म्हणजे सगळ्या पक्षांना मान्य असलेल्या कामांची यादी. (तोही जुनाच, केंद्रात १९९६ पासून चालत आलेला.) त्यात शेतकरी, रोजगार वगैरे होतंच, पण चर्चा कशाची, तर हिंदुत्ववादी सेना सोबत असताना प्रस्तावनेत 'धर्मनिरपेक्ष' लिहिलंय त्याची! मला तर वाटतं खरी तडजोड त्या एका शब्दातच होती, बाकी सगळं कुठल्याही जाहीरनाम्यात सापडेल.