ग्लुटेन नाही, दूध नाही, ग्लुटामेटही कमी: मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या मुलाचं ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) आणि दूध बंद झालंय, डोकेदुखीमुळे ग्लुटामेटही (अजिनोमोटोत असतं ते) कमी ठेवायला सांगितलंय, घरात सहा माणसं आहेत आणि सासूबाईंचं म्हणणं, "त्याचं तेवढं वेगळं शिजव, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू दे." दोन-दोन स्वयंपाक न करता सगळ्यांना आवडेल असं काय करता येईल, हा तुमचा प्रश्न.

वेगळं शिजवू नका. माझं उत्तर एवढंच आहे, पण हा वाद माझ्या घरात इतकी वर्षं चाललाय की पुढचं लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

माझ्या मुलाला सिलिअॅक आहे, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. पहिलीत असताना निदान झालं. दूध त्याला तेव्हाही सोसत नव्हतं, आणि पाकिटातलं चटकदार काही खाल्लं की संध्याकाळी कपाळ धरून बसायचा, म्हणून ग्लुटामेटची बंदी मागाहून आली. आता तो कॉलेजात आहे आणि स्वतःची भाकरी स्वतः थापतो.

माझं सासर गुहागरकडचं. सासूबाई होत्या तोवर गौरीला घावन-घाटलंच व्हायचं. त्यांच्यामागे स्वयंपाकाची सूत्रं मोठ्या जाऊबाईंकडे गेली. त्या साताऱ्याच्या, त्यांच्या माहेरी गौरीला पुरणपोळी, म्हणून आमच्याकडेही पुरणपोळी सुरू झाली. तोवर माझी काही तक्रार नव्हती. निदान झालं त्या वर्षी मात्र पंगत बसली आणि माझ्या मुलाचा पाट त्यांनी माजघराच्या दाराशी एकटा मांडला. पानात नुसता भात आणि बिनफोडणीचं वरण. "पुरणाचा हात लागायला नको गं त्याला," असं म्हणाल्या. हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही मान्य केलं. पण सगळी चुलत भावंडं ओळीत बसलेली आणि हा एकटा दाराशी. तो जेवला नाही. पोळी मिळाली नाही म्हणून रडला असता तर मी समजू शकले असते. तो रडलाही नाही, पान तसंच ठेवून उठला.

पुढच्या वर्षी मी आधीच सांगून टाकलं की गौरीचा स्वयंपाक माझ्याकडे. पहाटे नारळ खवून दूध काढलं, दाट वेगळं आणि पातळ वेगळं. नवं तांदूळपिठ घरच्या घरघंटीवर दळून ठाण्याहून नेलं होतं. हळदीच्या पानांवर पातोळ्या लावल्या. वालाचं बिरडं ओलं खोबरं, गूळ आणि आमसूल घालून. अळूचं फदफदं चिंचेचं, त्यात शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. भोपळ्याच्या भरतात दह्याऐवजी दाट नारळाचं दूध आणि वरून लिंबू. काकडीची कोशिंबीर खोबऱ्याची. ताकाच्या कढीऐवजी सोलकढी. आणि घावन-घाटलं: तांदळाचं पीठ, पाणी, मीठ कालवून बिडाच्या तव्यावर जाळीदार घावन, आणि गूळ, वेलची घालून नारळाच्या दुधात शिजवलेलं घाटलं. या सगळ्यात गहू नाही, दूध नाही, आणि ग्लुटामेट जास्त असतं म्हणून टाळायचा तो टोमॅटोही नाही. मी काही नवं शोधलं नव्हतं, सासूबाईंचाच स्वयंपाक परत मांडला होता.

आमटी उकळत होती आणि जाऊबाई फोडणीला आल्या. तेल तापलं, मोहरी तडतडली आणि त्यांनी फडताळातली हिंगाची डबी उघडली. मी हात धरला. डबीमागे लिहिलं होतं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असतेच. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून ते त्यात मळतात. मी म्हटलं, "ही नको." त्या भडकल्या. "अगं, चिमूटभर हिंगानं काय होतंय? आमच्या वेळी नव्हते असले आजार." सगळं घर ऐकत होतं.

तेव्हा मी गप्प बसून दुसऱ्या पळीत जिरं, मेथी, कढीलिंबाची फोडणी केली. उत्तर आज देते. आजार तेव्हाही होता, ओळखता येत नव्हता. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे पाव मिळेनासा झाला, तेव्हा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला दिसलं की त्याच्याकडची सिलिअॅकची मुलं सुधारतायत, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगतायत. त्याआधी किती मुलं "अंगाला काही लागत नाही" म्हणत गेली असतील. आणि चिमूटभराचं म्हणाल तर आपल्याकडे ग्लुटेन-फ्री छापायला कायद्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. सिलिअॅकच्या मुलाला चिमूट मोठीच असते.

त्या दिवशी तो पंगतीत बसला, मधोमध, आणि घावनं मागून घेतली. जाऊबाईंनीही घाटलं दोनदा घेतलं. पण आपलं काही चुकलं असं त्या अजूनही मानत नाहीत.

आता तुमच्या स्वयंपाकघराचं. भाकरी, वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा तुम्हाला सांगायला नको, उपासाचं बहुतेक फराळ मुळातच बिनगव्हाचं असतं. फसवतात त्या जागा वेगळ्या. मेतकुटात गहू असतो. थालिपीठाच्या विकतच्या भाजणीत बऱ्याचदा असतो. तयार मसाल्यात बऱ्याचदा हिंग असतो आणि हिंगात काय असतं ते वर लिहिलंच. तांदूळपिठात मळलेला हिंग मिळतो, तो आणा. गिरणीत गव्हामागून तुमची ज्वारी पडली की तिच्यात गहू आलाच, म्हणून जमलं तर घरघंटी घ्या. ओव्हन, एअरफ्रायर नंतर. पोळपाट, लाटणं, तवा, पिठाची चाळणी गव्हाला लागलेली नको. तुमच्या मुलाला सिलिअॅक नसेल तर एवढी कडक शिस्त लागणार नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

ग्लुटामेटबद्दल लोक वाटेल ते सांगतात. गहू, डाळी, दूध यांतल्या प्रथिनांत ते भरपूर असतं, पण बांधलेलं. चवीला लागतं आणि या आहारात टाळायचं असतं ते मोकळं ग्लुटामेट. पिकलेला लाल टोमॅटो, मटार, मशरूम, सुकी मासळी, जुनं मुरवलेलं चीज, सोया सॉस, तासन्‌तास उकळलेलं हाडांचं सूप, यांत ते जास्त. टोमॅटो जितका पिकेल तितकं वाढतं. सोया सॉस तर तुमच्या घरात नकोच, त्यात बहुधा गहूही असतो. आंबवताना प्रथिनं तुटून ते मोकळं होतं, म्हणून सुरुवातीला आंबोळीऐवजी घावन करा. पाकिटावर घटकांत 621, म्हणजे अजिनोमोटो, दिसलं की ठेवून द्या. 627, 631, 635 हे स्वतः ग्लुटामेट नाहीत, पण त्याची चव वाढवायला त्याच्याच जोडीनं येतात. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि हायड्रोलाइज्ड प्रोटीन या नावांनीही तेच येतं. "ग्लुटेन-फ्री" छापलेल्या कुरकुरीत पाकिटांवरही मला हे आकडे सापडलेत, त्यामुळे पुढचं मोठं अक्षर वाचून खरेदी करू नका.

टोमॅटोवाचून भाजी होत नाही असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आमसूल आहे, चिंच आहे, कैरी आहे, लिंबू आहे. चिंच-गुळाच्या आमटीत टोमॅटो कधी होता? रस्सा दाट करायला भाजलेलं खोबरं आणि तीळ वाटा. पोरांना पावभाजी हवी असते, तर लाल भोपळा, बटाटा, फ्लॉवर आणि रंगापुरतं बीट शिजवून घोटा, वर आमसुलाचं पाणी आणि घरी कुटलेला मसाला, सोबत तव्यावरची जाड घावनं. आमच्याकडे सगळे हे खातात, पाहुण्यांना सांगावं लागत नाही. डब्याला तांदळाच्या उकडीची निवगरी, नाचणीचे लाडू गूळ-तेलातले, भोपळ्याचे घारगे तांदूळपिठाचे. सकाळच्या घाईत उपम्याऐवजी कांदेपोहे.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना पोळी हवीच असेल तर ती त्यांनी बाहेर खावी, किंवा आठवड्यातून एकदा, मुलाच्या जेवणाआधी ओटा पुसून होईल अशा वेळी करावी. भाजी, आमटी, भात, कोशिंबीर मात्र सगळ्यांना एकाच पातेल्यातलं. सासूबाईंना हेही सांगा की नातवासाठी त्यांच्या माहेरचा, पोळी रोजची होण्याआधीचा स्वयंपाक आठवून द्या. त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त येत असेल.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सिलिअॅकची रक्ततपासणी, टीटीजी, झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, खरं तर ती गहू बंद करण्याआधीच करायची असते. गहू सुटल्यावर ती फसवी निगेटिव्ह येऊ शकते. आणि ग्लुटामेट हे काही विष नाही. आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि अन्नातलं बहुतेक आतड्यातच खर्ची पडतं. माझ्या मुलाला ते कमी केल्यानं बरं वाटलं, तुमच्या मुलाला वाटेलच असं नाही. महिना-दीड महिना वही ठेवा, काय खाल्लं आणि डोकं कधी दुखलं ते लिहा. फरक दिसला नाही तर टोमॅटो-मटार परत सुरू करा, वाढत्या मुलाचं ताट उगाच रिकामं करू नका. दूध बंद आहे तर नाचणी, तीळ, राजगिरा रोज पोटात जाऊ दे, आणि बी-12 तपासून घ्या.

आणि तुमच्याकडेही कुणी "चिमूटभरानं काय होतंय" म्हणालं, तर वाद घालू नका. डबी त्यांच्याच हातात द्या आणि मागचं मोठ्यानं वाचायला सांगा.