गेल्या मोसमात भरपूर गोल, यंदा निम्मे: असं मोठ्या खेळाडूंचंही होतं का?
होतं. रत्नागिरीत शाळेकडून हॉकी खेळणाऱ्या तुमच्या मुलाचे गोल यंदा निम्म्यावर आले म्हणून लगेच धीर सोडू नका. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये जोनाथन ह्युबर्डोचे २०२१-२२ मध्ये फ्लोरिडाच्या संघाकडून गोल आणि गोल घडवणारे पास मिळून ११५ गुण होते. कॅलगरीत गेल्यावर पुढच्याच मोसमात ५५. तिथे संघच बदलला होता. त्याच लीगमधला विल्यम कार्लसन ४३ गोलांवरून २४ वर आला, त्याचं कारण मात्र निराळं: आदल्या वर्षी त्याच्या जवळपास दर चार फटक्यांमागे एक गोल होत होता, आणि एवढं प्रमाण सहसा टिकत नाही. तेव्हा मुलाचे गोल नको, गोलवर मारलेले फटके मोजा. ते तेवढेच असतील तर खेळ शाबूत आहे. फक्त जांभ्याच्या कडक मैदानावर धावून गुडघा किंवा जांघ दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.