एक डिस्क काढली आणि लिनक्स सुरूच होईना

प्रश्न : कार्यालयातील हिशेबाच्या संगणकावर मी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली. २ टेराबाइटच्या दोन सारख्या डिस्क घेऊन इन्स्टॉलरमध्येच सॉफ्टवेअर रेड १ (दोन्ही डिस्कवर एकच माहिती ठेवणारी जोडणी) तयार केले. खात्री करून घेण्यासाठी संगणक बंद करून पहिल्या डिस्कची वायर काढली, तर लिनक्सऐवजी बायोसचाच पडदा समोर आला. दुसरी डिस्क काढल्यास मात्र काहीच अडत नाही. सगळे नव्याने बसवावे लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नव्याने काहीही बसवू नका. आधी दोन्ही डिस्क जोडून रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट ही फाइल वाचा. कंसात दोन ‘यू’ दिसले तर दोन डिस्कची जोडी, म्हणजे अ‍ॅरे धडधाकट आहे. एका ‘यू’च्या जागी अधोरेषा असेल, तर काढलेली डिस्क रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमच्या ‘अ‍ॅड’ पर्यायाने परत सामील करून घ्या. सेकंदाला १५० मेगाबाइट असा वेग धरला तरी २ टेराबाइटच्या जुळणीला पावणेचार तास लागतात आणि तेवढा वेळ कोणत्याही वायरीला हात लावू नये.

आपली अडचण अ‍ॅरेच्या बाहेर आहे. संगणक सुरू होताना यूईएफआय फर्मवेअरला (बायोसच्या जागी आलेल्या मदरबोर्डवरील प्रोग्रामला) लिनक्सचे रेड कळत नाही. त्याला फॅट पद्धतीचे एक छोटे ईएफआय विभाजन हवे असते, आणि इन्स्टॉलर ग्रब हा लिनक्स सुरू करणारा बूटलोडर त्या एकाच विभाजनात ठेवतो. आपल्याकडे ते पहिल्या डिस्कवर आहे. म्हणजे घरात सामान दोन्ही खोल्यांत सारखे, पण दार एकाच खोलीला, असा प्रकार झाला.

दुसऱ्या डिस्कवर त्याच आकाराचे ईएफआय विभाजन करा, ते फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, पहिल्यातील सर्व फाइली त्यात उतरवा आणि ‘efibootmgr’ या आज्ञेने फर्मवेअरच्या यादीत त्याची वेगळी नोंद करा. ईएफआयसाठी जागा राखली नसेल, तर दुसऱ्या डिस्कवरील स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची जागा) लहान करून ती मिळते, अर्थात स्वॅप अ‍ॅरेत नसेल तरच. काही मदरबोर्ड अशा नोंदी विसरून जातात, म्हणून ग्रबची एक प्रत ‘ईएफआय’मधील ‘बूट’ या ठरावीक फोल्डरमध्येही ठेवावी. डेबियन ग्रबच्या पुनर्रचनेत तसे विचारते, तेथे ‘होय’ म्हणावे.

एवढे करूनही बहुतेक जण एका जागी अडकतात. सुरू होताना कोणती विभाजने जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये पहिल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनाची ओळख लिहिलेली असते. ती डिस्क नसली, की लिनक्समधील सेवा सुरू करणारी सिस्टमडी दीड मिनिट वाट पाहते आणि संगणक आणीबाणीच्या अवस्थेत नेऊन सोडते. त्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घातला की काम भागते. अ‍ॅरेबाहेरच्या स्वॅपच्या ओळीलाही तोच नियम लावा.

ईएफआय विभाजनच रेड १ मध्ये घालण्याचा सल्ला आपल्याला मिळेल. १.० प्रकारच्या मेटाडेटामध्ये रेडची नोंद विभाजनाच्या शेवटी असते, म्हणून फर्मवेअर फसते आणि ते चालतेही. पण फर्मवेअरने लिनक्सच्या नकळत एकाच प्रतीत काही लिहिले, तर दोन प्रती जुळत नाहीत. त्यापेक्षा ग्रब अद्ययावत झाल्यावर हाताने नक्कल करण्याचा कंटाळा मी पत्करीन.