थीम पार्कचा वार्षिक पास: आधी घरातली तिकिटं मोजा, मग फेऱ्या

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगा चार वर्षांचा आहे, उंची ९९ सेंटिमीटर. मुलगी दीड वर्षाची. थीम पार्क आणि प्राणिसंग्रहालय असा दोन्हींचा मिळून चौघांचा वार्षिक पास सवलतीत मिळतोय. ‘चार फेऱ्यांत पैसे वसूल’ असं जाहिरातीत म्हटलंय. पार्क घरापासून दीड तासावर आहे, प्राणिसंग्रहालय वीस मिनिटांवर. गेल्या वर्षी पार्कला दोनदा गेलो, प्राणिसंग्रहालयात चारदा. पार्कमध्ये तिकिटांइतकाच खर्च आत गेल्यावर होतो. एवढी रक्कम एकदम हाताशी नाही, म्हणून कार्डावर बारा हप्ते करायचे किंवा मुलांच्या शिक्षणासाठीची बचत दोन महिने थांबवायची, असा विचार आहे. मिस्टर म्हणतात, पैसे भरले की आपोआप जाणं होईल, नाहीतर त्यांची आठवड्याची एकुलती एक सुट्टी घरात मोबाइल बघण्यात जाते. मुलांचं लहानपण परत येणार नाही, आठवणी तरी राहतील. ऑफर रविवारपर्यंत आहे. काय करावं?

उत्तर: जोडपास घेऊ नका. प्राणिसंग्रहालयाचा पास घ्या, रोखीने घ्या. पार्कला या वर्षी एकदाच जा, तेही थोडं थांबून. आता कारणं सांगतो. या निर्णयात रक्कम किती हा प्रश्न मागाहून येतो. पास नक्की कोणासाठी घेतोय, हे आधी बघायला हवं.

तुम्ही किमती कळवल्या आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून पार्कमधलं मोठ्या माणसाचं एक तिकीट १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापात मांडू. मुलाचं तिकीट ७५. पार्कचा चौघांचा पास १४००. जाहिरातीतलं गणित असं: दोन मोठे आणि दोन मुलं मिळून एका फेरीचे ३५०, म्हणजे चार फेऱ्यांत १४०० वसूल. बेरीज चोख आहे. पण तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात खाली लिहिलंय की तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. तुमची मुलगी दीड वर्षाची आहे. पास संपेल तेव्हा ती अडीच वर्षांची असेल. म्हणजे वर्षभर जिचं तिकीटच लागणार नाही, तिचेही पैसे तुम्ही पासात भरणार. अशी मोफत वयोमर्यादा बऱ्याच ठिकाणी असते आणि ‘चौघांचं कुटुंब’ म्हटलं की ती नजरेतून सुटते.

तुमची खरी फेरी २७५ ची. पाच फेऱ्या केल्या तर १३७५ होतात, म्हणजे वसुलीसाठी सहावी फेरी लागते. आणि बाळ झोपलंय म्हणून किंवा तिला बरं नाही म्हणून तुमच्यापैकी एक जण घरी थांबला आणि दुसरा मुलाला घेऊन गेला, तर त्या दिवशी पासाने १७५ च वाचवले. सगळ्याच फेऱ्या अशा झाल्या तर आठ लागतील. दीड वर्षाचं मूल घरात असताना किती फेऱ्या ‘सगळे मिळून’ होतात, ते तुम्हीच जास्त चांगलं सांगू शकाल.

आता आतला खर्च. पार्किंग, खाणंपिणं, राइडवर काढलेला फोटो, बाहेर पडण्याच्या वाटेवरचं खेळण्यांचं दुकान. पास फक्त गेटचे पैसे भरतो, हे सगळं दर वेळी नव्याने द्यावं लागतं. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हा खर्च तिकिटांइतका, म्हणजे फेरीमागे २७५. गेल्या वर्षी दोन फेऱ्यांत सगळे मिळून ११०० गेले. पास घेऊन सहा फेऱ्या केल्या तर १४०० पासाचे आणि सहा वेळचे १६५० आतले, असे ३०५० जातील. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा १९५० जास्त. एरवी न केलेल्या चार फेऱ्यांची ही किंमत आहे. त्या फेऱ्या तुम्हाला मनापासून हव्या असतील तर खुशाल करा. पण त्याला बचत म्हणू नका.

पार्कच्या बाबतीत पैशांइतकंच मुलाच्या उंचीकडे बघा. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, आणि १०२ सेंटिमीटर व १२२ सेंटिमीटर हे टप्पे जगभरच्या अनेक पार्कांत दिसतात (मूळचे ४० आणि ४८ इंच). तुमचा मुलगा ९९ वर आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढतात. म्हणजे १०२ चा टप्पा तो येत्या सहा महिन्यांच्या आसपास ओलांडेल, १२२ ला मात्र अजून तीन-चार वर्षं आहेत. आज पास घेतलात तर त्यातले पहिले काही महिने तो बुटक्या पाळण्यांत आणि चक्रीत बसेल आणि उंचीच्या पट्टीशी उभा राहून परत फिरेल. रांगेत अर्धा तास उभं राहून तीन सेंटिमीटरसाठी मागे वळलेलं चार वर्षांचं मूल पुढचे दोन तास कसं वागतं, हे आईबापांना सांगायला नको. म्हणून घरीच बूट काढून भिंतीला पाठ लावून उंची मोजा, पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट बघा आणि तो बसू शकेल अशा राइड मोजा. हा आकडा निम्म्याहून कमी असेल तर तुम्ही निम्म्याहून कमी पार्कसाठी पूर्ण पैसे देताय.

तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. पैसे भरल्याने माणूस जातो का? जातो, पण काही काळ. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी एका विद्यापीठातल्या नाट्यगृहाच्या सीझन तिकिटांवर प्रयोग केला. काहींना पूर्ण किमतीत तिकिटं दिली, काहींना सवलतीत, आणि कोणाला काय मिळणार हे ठरवून न ठेवता. पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात जास्त नाटकं पाहिली. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. पुढे १९९८ मध्ये जॉन गॉरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी व्यायामशाळेच्या सभासदांची हजेरी तपासली. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणारे भरल्याबरोबर नियमित येत आणि मग हजेरी उतरत जाई, ती पुढचे पैसे भरेपर्यंत. दरमहा भरणाऱ्यांची हजेरी त्या मानाने स्थिर होती. म्हणजे मिस्टरांचं म्हणणं पहिल्या तीन-चार महिन्यांपुरतं खरं ठरेल, आणि नेमके तेच महिने तुमच्या मुलाच्या उंचीच्या दृष्टीने वाया जाणारे आहेत.

शिवाय आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज माणसं भलतीच उदारपणे करतात. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांचा अमेरिकेतल्या व्यायामशाळांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याची ठरावीक फी भरणाऱ्यांना प्रत्येक भेट सरासरी १७ डॉलरहून जास्त महाग पडत होती, आणि त्याच ठिकाणी दहा भेटींचं कार्ड घेतलं असतं तर ती १० डॉलरना पडली असती. त्यांना कोणी फसवलेलं नव्हतं. आपण नेमाने जाऊ असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

म्हणून फेऱ्यांचा अंदाज पुढून करू नका, मागून करा. गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढा. मिस्टरांच्या सुट्ट्यांतून ताप-सर्दीचे, पाहुण्यांचे, वाढदिवसांचे आणि पावसाचे दिवस खोडा. मग पासाच्या अटींतले ‘या तारखांना पास चालणार नाही’ असे दिवस खोडा. गर्दीच्या सुट्ट्यांना स्वस्त पास अनेकदा चालत नाहीत, आणि तुमच्याकडे नेमक्या तेवढ्याच सुट्ट्या असतात. उरलेल्या दिवसांपैकी किती दिवशी तुम्ही जाऊन-येऊन तीन तास गाडीत बसायला तयार आहात? तो आकडा सहाच्या वर गेला तर मला पुन्हा लिहा, मी मत बदलेन.

प्राणिसंग्रहालयाचं गणित अगदी वेगळं आहे, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात आनंदाचा भाग मला तोच वाटला. तिथे मोठ्यांचं तिकीट आपल्या मापात ४०, मुलाचं २५, म्हणजे एका फेरीचे १०५. कुटुंबाचा पास ४००. गेल्या वर्षी पास नसताना, कोणी मागे न लागता, तुम्ही चारदा गेलात आणि ४२० भरले. पास तेव्हाच वसूल झाला असता. घरापासून वीस मिनिटं, त्यामुळे बाळाच्या दुपारच्या झोपेआधी जाऊन परत येता येतं. लहान मुलांच्या घरी पासाचा खरा उपयोग हाच आहे: तासाभरात परत फिरलं तरी जीव हळहळत नाही. दिवसाचं तिकीट काढलं की आईबाप मुलांना ओढत नेतात, ‘एवढे पैसे दिलेत, हत्ती तरी बघ’, आणि मूल मुंग्यांच्या रांगेपाशी बसलेलं असतं. पास असला की मुंग्या बघत बसायला वेळ असतो. चार वर्षांच्या मुलाला तेच पाणमांजर पुन्हापुन्हा बघायला आवडतं. दर वेळी काहीतरी नवीन हवं, ही गरज बहुतेक वेळा आपली असते.

पास घेताना एक विचारा: मोठ्यांच्या जागी दोन्ही नावं पक्की हवीत, की एक नाव आणि एक ‘सोबतचा मोठा माणूस’ असं चालतं? दुसरा प्रकार मिळाला तर तोच घ्या, म्हणजे मिस्टर कामावर असताना आजी, मावशी, आत्या कोणीही तुमच्याबरोबर येऊ शकेल. मुदत विकत घेतल्यापासून सुरू होते की पहिल्या भेटीपासून, हेही विचारा. आणि वर्ष संपल्यावर कार्डावरून आपोआप पैसे कापून नूतनीकरण होणार असेल तर ते पहिल्याच दिवशी बंद करा.

आठवणींबद्दल. मोठ्या माणसांना आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलेलं असतं. तुमच्या मुलीला या वर्षातलं काही आठवणार नाही, मुलाला तुटक तुटक आठवेल. म्हणून नेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना आज जो आनंद होतो तो आजच खरा आहे, आणि तुम्हा दोघांच्या आठवणी तर राहणारच आहेत. फक्त ‘आठवणींसाठी’ म्हणून किंमत वाढवत नेऊ नका. आजच्या आनंदासाठी किती द्यायचे एवढंच ठरवा. बाग, वाचनालयातला मुलांचा कोपरा, रेल्वे पुलावरून गाड्या बघणं, या वयाला हेही पुरतं.

पैसे कुठून आणायचे? शिक्षणाची बचत दोन महिने थांबली तर शिक्षण बुडत नाही, ती धास्ती घेऊ नका. अडचण दुसरी आहे. थांबवलेली बचत तिसऱ्या महिन्यात आपणहून सुरू होत नाही, कोणीतरी ती सुरू करावी लागते, आणि त्या महिन्यात दुसरा काही खर्च दारात उभा असतो. कार्डाचे हप्ते ‘बिनव्याजी’ असले तरी प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर बघा, आणि एकरकमी भरल्यास जी सवलत मिळते ती हप्त्यात जाते का तेही बघा. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं नेहमीचं व्याज लागतं, आणि ते बहुतेक सगळ्या कर्जांहून चढं असतं. पण प्राणिसंग्रहालयाचे ४०० च द्यायचे असतील तर यातलं काहीच लागणार नाही. तुमच्या महिन्याच्या खर्चातून ते निघतात.

पार्कसाठी दरमहा थोडे वेगळे ठेवा. मुलगा १०२ ओलांडेल तोवर एका चांगल्या दिवसाचे ५५० जमलेले असतील. शाळा चालू असताना आठवड्याच्या मधला एक दिवस दोघांनी रजा काढून जा, रांगा आखूड मिळतील. जमलं तर मुलीला आजीकडे ठेवा. आणि जाण्याआधी चौकशी करा: बऱ्याच पार्कांत त्याच दिवशी पास घेतला तर तिकिटाचे पैसे पासाच्या किमतीत वळते करून देतात. तुमच्या पार्कमध्ये तसं असेल तर निर्णय आज घ्यायची गरजच नाही. दिवसभर मुलाला बघा आणि बाहेर पडताना ठरवा.

दीड वर्षाने मुलगी तीन पूर्ण करेल, तिचंही तिकीट लागेल, फेरी ३५० ची होईल आणि जाहिरातीतलं चार फेऱ्यांचं गणित तुमच्या घराला लागू पडेल. मुलगाही तेव्हा बऱ्याच राइड्सना पुरेसा उंच असेल. पार्कचा पास घ्यायचाच तर त्या वर्षी घ्या.

राहिली रविवारची मुदत. जोडपासात १८०० चे १६०० होतात, म्हणजे २०० वाचतात, पण त्यासाठी या वर्षी नको असलेला १४०० चा पास घ्यावा लागतो. मिस्टरांना हे एवढंच दाखवा. आणि त्यांची येती सुट्टी रिकामी असेल तर सकाळी लवकर निघून प्राणिसंग्रहालयाच्या खिडकीवर पास काढा, बाळाच्या झोपेच्या वेळेपर्यंत घरी परत याल.