ब्रेनस्टेमच्या गाठीचा एमआरआय पाहून मूल किती काळ जगेल हे सांगता येतं का?

तुमच्या ६ वर्षांच्या भाचीच्या रिपोर्टमध्ये 'पॉन्समध्ये डिफ्यूज गाठ, रिंग एन्हान्समेंट' असं लिहून आलंय, आणि त्यावरून तिच्याकडे किती दिवस आहेत ते कळेल का, असं तुम्ही विचारलंत. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज लहान मुलांच्या मेंदूचे स्कॅन वाचतो. गाठ कुठल्या जातीची, हे स्कॅन बऱ्याच खात्रीने सांगतो. महिने मोजून देणं त्याला जमत नाही.

जातीचं आधी, कारण जवळजवळ सगळं तिथेच ठरतं. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा भाग म्हणजे ब्रेनस्टेम. त्याच्या वरच्या टोकाला, मागच्या अंगाला टेक्टम असतो. तिथली गाठ बहुतेकदा वर्षानुवर्षं तेवढीच राहते. मेंदूत पाणी साठलं तर त्याला वाट करून देतात आणि मग ठरावीक काळाने स्कॅन करत राहतात. पाठीमागे बाहेर फुगलेली गाठ सर्जन बरीचशी काढू शकतात आणि अशी मुलं मोठी होतात. अंगावर कॉफीच्या रंगाचे चट्टे असलेल्या, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या मुलांच्या ब्रेनस्टेममधले बदलही सहसा सौम्य निघतात. भाचीच्या अंगावर असे डाग आहेत का, ते डॉक्टरांना जरूर सांगा.

मधला फुगीर भाग म्हणजे पॉन्स. तिथे कड नसलेली, अर्ध्याहून जास्त पॉन्स व्यापणारी, समोरच्या बॅसिलर धमनीला कवेत घेणारी गाठ दिसली, आणि तिरळेपणा, तोल जाणं, पाणी पिताना ठसका हे सगळं काही आठवड्यांतच सुरू झालं असेल, तर ती डीआयपीजी (डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा), म्हणजे पॉन्समध्येच पसरत जाणारा कॅन्सर. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण तुम्ही स्पष्ट विचारलंय. हा फार वाईट आजार आहे.

आता त्या 'रिंग'बद्दल. गाठीच्या मधल्या पेशी मेल्या की कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनआधी शिरेतून देतात ते औषध, फक्त कडेला चढतो आणि फिल्मवर कडं दिसतं. २०१८ साली डीआयपीजीच्या आंतरराष्ट्रीय नोंदवह्यांमधल्या १,००८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्मे रुग्ण ११ महिन्यांच्या आत गेले, आणि २ वर्षं किंवा त्याहून जास्त जगलेले होते १०१. २ वर्षांच्या आत गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांच्या स्कॅनवर रिंग होती. आणि जास्त जगलेल्यांपैकी? २३ टक्क्यांच्या. फरक खरा आहे, पण दोन्ही गटांत रिंग असलेलेही आहेत आणि नसलेलेही. समोरच्या एका मुलाबद्दल त्यातून काय सांगणार? गाठ पॉन्सबाहेर पसरणं हीसुद्धा वाईट खूण, पण ती तर जास्त जगलेल्यांपैकी ८६ टक्क्यांत होती.

हे मी पुस्तकातून शिकायला हवं होतं, शिकलो एका बापाकडून. सुरुवातीच्या वर्षांत एक शेतकरी मुलीची फिल्म घेऊन आला होता. खिडकीच्या उजेडात धरून पांढऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाला, "डॉक्टर, हे एवढं पांढरं सगळं गाठच का?" मुलगी शेजारी एक डोळा हाताने झाकून मोबाईलवर कार्टून बघत होती, दोन-दोन दिसत होतं म्हणून. मी रिंग पाहिली आणि बोलून गेलो, चारेक महिने. ते ऐकून त्यांनी तिचं शाळेतून नाव काढलं. लाईट, म्हणजे रेडिएशन, दिल्यावर मुलीचा डोळा सरळ झाला आणि ती पुढे दीड वर्ष जगली. त्यातलं जवळजवळ एक वर्ष ती शाळेत जाऊ शकली असती. ते वर्ष माझ्या तोंडून निघालेल्या आकड्याने गेलं. तेव्हापासून मी नातेवाइकांना महिने सांगत नाही.

स्कॅनच्या बाहेरही काही गोष्टी पाहतात. त्याच अभ्यासात ३ वर्षांखालच्या आणि १० वर्षांवरच्यांचं प्रमाण जास्त जगलेल्यांत अधिक होतं, तसंच ज्यांची लक्षणं बरेच दिवस हळूहळू वाढत गेली त्यांचंही. २०१२ साली या गाठींत हिस्टोन एच-३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) च्या जनुकातला बदल सापडला. त्यातला एच-३.१ प्रकार असलेले रुग्ण निम्म्याहून अधिक १५ महिने तरी जगले, एच-३.३ मध्ये हाच आकडा १०.४ महिन्यांचा. हे फक्त बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर कळतं, म्हणून ती शक्य आहे का ते विचारा. याच बदलाच्या, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला मंजुरी मिळाली. काही रुग्णांत त्याने गाठ आकसते, पण पूर्ण बरं करणारं ते औषध नाही.

लाईट साधारण ६ आठवडे देतात आणि बहुतेक मुलांना काही काळ खरोखर बरं वाटतं. त्यानंतरच्या पहिल्या स्कॅनवर गाठ मोठी दिसली तर लगेच खचू नका. कधी कधी ती लाईटचीच सूज असते, आणि पुढच्या स्कॅनपर्यंत थांबावं लागतं. स्टिरॉईड चालू असताना काढलेला स्कॅनही वेगळा दिसतो. म्हणून स्टिरॉईडचा डोस आणि तारीख फिल्मच्या पाकिटावर लिहून ठेवा.

दुसरं मत घेणार असाल, परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा आणखी कुठे, तर फिल्मबरोबर सीडी न्याच. फिल्मवर निवडक चित्रं असतात आणि धमनीभोवतीचा भाग त्यात कधी सुटून जातो. तुमच्या बहिणीला मात्र आज एवढंच सांगा, की हिचं नाव शाळेतून काढू नकोस.