वाचक विचारतात : बंगालच्या श्रीरामपूरची बाप्टिस्ट मंडळी

कोलकात्याच्या उपनगरी पट्ट्यातल्या श्रीरामपूरबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. आपल्या साखरपट्ट्यातले श्रीरामपूर वेगळे. हे हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचे, हावड्याहून बर्धमान मेन लाइनच्या लोकलने गाठायचे.

प्रश्न : श्रीरामपूरला मनोऱ्याचे सेंट ओलाव्ह चर्च पाहिले. ‘हेच विल्यम कॅरी यांचे बाप्टिस्ट चर्च, १८०६चे,’ असे तिथे सांगण्यात आले. वाचनात मात्र बाप्टिस्ट मंडळीची स्थापना १८०० सालची आहे. खरे काय? — एक वाचक, नागपूर

दोन्ही साले बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची. सेंट ओलाव्ह हे डॅनिश लोकांचे लुथरन, म्हणजे बाप्टिस्टांहून वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे चर्च. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि त्याचे सरकारी नाव फ्रेडरिक्सनगर. गव्हर्नर कर्नल ओले बी यांनी वर्गणी जमवून काम सुरू केले. ते १८०५ साली वारले आणि इमारत १८०६ मध्ये पुरी झाली. दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्तियान याची राजमुद्रा आहे, ती पाहिली की शंका राहू नये. बाप्टिस्ट मिशनरी तिथे उपदेश करीत, त्यातून हा घोळ झाला.

बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली २४ एप्रिल १८०० रोजी, नदीकाठच्या मिशनच्या घरात. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी तिचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. वेगळी चर्चची इमारत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बाप्टिस्टांच्या लेखी मंडळी म्हणजे स्वतः विश्वास कबूल करून एकत्र आलेली माणसे. छप्पर नंतर येते, कधी येतही नाही. त्यामुळे कोणत्याही बाप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा कोनशिलेवरचे साल स्थापनेचे म्हणून उतरवू नका. सभासदांनी एकत्र येऊन मंडळी म्हणून राहायचे कधी ठरवले, ते सभेच्या कार्यवृत्तात शोधा. स्मरणिका छापताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

प्रश्न : इंग्रज मिशनरी इंग्रजांच्या कोलकात्यात न राहता डॅनिश गावात का गेले? — एक वाचक, पुणे

कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. परवान्याशिवाय आलेल्याला परत पाठवता येत असे. कॅरींचे पुढचे सहकारी मार्शमन, वॉर्ड आणि त्यांचे सोबती अमेरिकन जहाजाने आले आणि १३ ऑक्टोबर १७९९ रोजी थेट श्रीरामपुरात उतरले. कर्नल बी यांनी त्यांना आसरा दिला. कॅरी १७९३ पासूनच बंगालमध्ये होते, पण मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून. तेही १० जानेवारी १८०० रोजी इथे आले.

युरोपातल्या लढायांमुळे इंग्रजांनी श्रीरामपूर दोनदा ताब्यात घेतले. १८०१ साली थोडा काळ आणि मग १८०८ ते १८१५. तरी मंडळी उठली नाही. आमच्या मते याचे मोठे कारण म्हणजे कॅरी १८०१ पासून कंपनीच्याच फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होते. ज्याच्याकडे आपले अधिकारी भाषा शिकतात, त्याला जहाजात बसवून परत कसे धाडायचे? कंपनीला मिळालेल्या १८१३च्या सनदेने मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. १८४५ मध्ये डेन्मार्कने गावच इंग्रजांना विकून टाकले.

प्रश्न : मराठीतली सुरुवातीची छापील पुस्तके बंगालमधल्या या मिशनने काढली, तीही मोडीत, असे ऐकले. बंगाल्यात मोडी कशी छापली? — एक वाचक, सातारा

ऐकलेत ते बरेचसे खरे, पण सगळीच पुस्तके मोडीत नव्हती; १८०५ची देवनागरीत निघाली. कॅरी कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवीत, पुढे मराठीही शिकवू लागले. मदतीला वैजनाथ पंडित होते. इंग्रजीत लिहिलेले मराठीचे व्याकरण आणि बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ साली निघाले, मराठी–इंग्रजी कोश १८१०ला, नवा करार १८११ला. ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ची.

खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, पाडण्याची रीत अशी. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, हा झाला पंच. तो कडक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की सुलटे अक्षर खोल उमटते, ती मातृका. मातृका साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथिलाचा रस ओतला की खिळा तयार. हे काम श्रीरामपुरात आणले पंचानन कर्मकार यांनी. १७७८च्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली ते शिकले होते. त्यांच्यामागे त्यांचे जावई मनोहर यांनी ते चालवले.

मोडीचा त्रास वेगळाच. मोडी लिहिताना आधी पानभर रेघ ओढतात आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे लिहितात. काना लागला की कित्येक अक्षरांचे रूपच बदलते. खिळे मात्र सुटे असतात. रेघ खिळ्याच्या अगदी कडेपर्यंत आणि एकाच उंचीवर आली नाही, तर ओळ तुटकी दिसते. काना वेगळा जोडून भागत नाही, म्हणून त्या जोडरूपांचे स्वतंत्र खिळे पाडावे लागतात आणि खिळ्यांची पेटी फुगत जाते.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते आणि अनेक लिप्यांचे खिळे गेले. पंच आणि मातृका मात्र वाचल्या, म्हणून वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे पाडता आले. पंच गेले असते तर प्रत्येक अक्षर पुन्हा कोरत बसावे लागले असते.

बायबलच्या या भाषांतरातल्या मराठीचे मात्र फार कौतुक करू नये. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ती परकी वाटे. मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतर नव्याने केले ते उगाच नव्हे.

प्रश्न : आमचे नगरकडचे घराणे. आमच्याकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि नोंदवहीवरून जन्मसाल काढता येते. बंगालमधल्या बाप्टिस्ट नातेवाइकांची वंशावळ तशीच काढता येईल का? — एक वाचक, अहिल्यानगर

तशीच नाही. नगरकडच्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, आणि त्या परंपरेत बालबाप्तिस्मा आहे. बाप्टिस्टांत बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर आणि पूर्ण पाण्यात बुडवून होतो. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभा राहून माणसाला मागे झुकवतो, क्षणभर पाण्याखाली नेतो आणि वर घेतो. २८ डिसेंबर १८०० रोजी कॅरींनी हुगळीच्या पाण्यात असाच दोघांचा बाप्तिस्मा केला. एक त्यांचा मुलगा फेलिक्स आणि दुसरे श्रीरामपूरचे सुतार कृष्ण पाल. कृष्ण पाल यांचा निखळलेला हात मिशनच्या डॉक्टर थॉमस यांनी बसवला होता, तिथून ओळख झाली. फेलिक्स तेव्हा पंधराच्या आसपास होता, कृष्ण पाल तर संसारी गृहस्थ. बाप्तिस्म्याच्या सालावरून वय मोजाल तर फसाल, ते असे.

म्हणून क्रम बदला. आधी विवाहाची नोंदवही पाहा, तिच्यात बहुधा वय आणि वडिलांचे नाव मिळते. मग दफनाची. त्यानंतर मंडळीच्या सभेचे कार्यवृत्त. सभासद मतदानाने घेतले जात, दुसऱ्या गावी जाताना शिफारसपत्र दिले जाई आणि शिस्तभंग झाला तर नाव कमी केले जाई. अशा तीन प्रकारच्या नोंदींवरून माणूस कुठून आला, कुठे गेला, हे कळते. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदललेच असेल असे धरू नका. कृष्ण पाल शेवटपर्यंत कृष्ण पालच राहिले. बंगाली आडनावांची रोमन स्पेलिंगे मात्र दर पानाला बदलतात, तेव्हा सगळी रूपे आधीच कागदावर मांडून घ्या.

१९७० साली उत्तर भारतातल्या बऱ्याच बाप्टिस्ट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या अनेक पंथांच्या एकत्रित चर्चमध्ये सामील झाल्या. तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, त्यामुळे त्यानंतरच्या वह्या वाचताना प्रत्येक नोंद कोणत्या प्रकारची ते तपासावे लागते. मिशनऱ्यांचे जुने कागद श्रीरामपूर कॉलेजच्या कॅरी ग्रंथालयात आणि ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजात आहेत. दोन्हीकडे आधी लेखी परवानगी मागा. पत्रात मंडळीचे नाव, गाव आणि दहा वर्षांचा टप्पा द्या, नुसते आडनाव देऊन उपयोग नाही.